सूर्याला पुढच्याच टोकाला अडवा : जुन्या दुर्बिणीतून सूर्य बघायचा तर

जुनी दुर्बीण घरात आली की पेटी उघडून आधी एक वस्तू शोधा. साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, कडेला आटे, आत काळपट हिरवी काच आणि वर इंग्रजीत ‘सन’ असं कोरलेलं. सापडली तर जुन्या फडक्यात गुंडाळा, हातोडीने फोडा आणि कचऱ्यात टाका. आठवण म्हणून ठेवू नका. ठेवलेली वस्तू दहा वर्षांनी नेमकी एखाद्या भाच्याच्या हाती लागते.

माझ्या पेटीत ती होती. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी घेतलेली जपानी दुर्बीण. भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर, नाभीय अंतर (भिंगापासून उजेड एकवटतो त्या जागेपर्यंतचं) ९०० मिलिमीटर, लाकडी तिपाईचा एक पाय सुतळीने बांधलेला. विकणाऱ्याने ती काळी काच मुद्दाम काढून दाखवली. ‘‘ताई, याच्यातून सूर्यपण दिसतो,’’ म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा. ती काच आयपीसला, म्हणजे डोळा लावतो त्या टोकाच्या छोट्या भिंगनळीला लावायची आणि सरळ सूर्याकडे बघायचं, अशीच त्या काळी पद्धत होती. कितीतरी जणांनी तसं बघितलं आणि त्यांना काही झालंही नाही. पण ती काच आयपीसच्या टोकाशी बसते, म्हणजे सगळा उजेड एकवटून झाल्यानंतरच्या जागी. ती तापते, आणि तापलेली काच कधी तडकेल हे सांगता येत नाही. तडकली तर त्या क्षणी तुमचा डोळा तिच्यामागे असतो.

म्हणून या लेखात पुढे जे काही सांगणार आहे त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : उजेड कुठे अडवायचा? डोळा लावून बघायचं असेल तर दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला, भिंगात शिरण्याआधी. आणि अडवायचाच नसेल तर तो कागदावर पडू द्यायचा आणि डोळा दुर्बिणीजवळ न्यायचाच नाही. नवशिक्याने तिसरा मार्ग शोधू नये.

एवढासा उजेड, एवढी धग

भर उन्हात एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. ६० मिमीचं भिंग त्यातली जेमतेम २.८ वॅट गोळा करतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हीच ऊर्जा नाभीपाशी ८ मिमीच्या ठिपक्यात येते तेव्हा तिथलं ऊन नेहमीच्या उन्हाच्या पन्नासपट झालेलं असतं. पुढे २० मिमीचा आयपीस लावला की दुर्बीण ४५ पट मोठं दाखवते, आणि आयपीसमधून बाहेर पडणारा झोत सव्वा-दीड मिलिमीटर जाडीचा होतो. त्या झोतातलं ऊन किती पट? ४५ गुणिले ४५, म्हणजे सुमारे २००० पट. उन्हात डोळ्याची बाहुली दोनेक मिलिमीटरची होते. म्हणजे हा सगळा झोत सुखाने आत जाईल एवढी.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. बोट भाजलं की आपण झटकन मागे घेतो, पण डोळ्याच्या आत जळताना काहीच दुखत नाही. नुकसान झाल्याचं काही तासांनी लक्षात येतं, वाचताना मधलं अक्षरच दिसत नाही तेव्हा.

घरच्यांना हे पटवायचं असेल तर भाषण देऊ नका. दुर्बीण सूर्याकडे लावा (कशी लावायची ते पुढे येतंच आहे), आयपीसच्या मागे चिमट्यात धरलेला काळ्या कागदाचा तुकडा न्या आणि बाजूने बघा. धूर निघतो. आमच्या गच्चीवर हा प्रयोग झाल्यापासून कुणालाही ‘डोळा लावू नकोस’ असं दुसऱ्यांदा सांगावं लागलेलं नाही. आपल्या बोटांनाही तोच न्याय, आयपीसमागे बोट फिरवून झोत शोधू नका.

दुरुस्त केलेली दुर्बीण उन्हात नेण्याआधी

रात्रीच्या आकाशासाठी चालणारी दुरुस्ती सूर्यासाठी पुरेलच असं नाही. चंद्र बघताना सैल पडलेला स्क्रू फक्त वैताग देतो, सूर्य बघताना तोच घात करू शकतो.

सुरुवात फाइंडरपासून. नळीच्या पाठीवर बसवलेली ती छोटी दुर्बीण सूर्यासाठी काढून टाका. झाकण लावून भागेल असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण जुन्या फाइंडरची झाकणं हरवलेली तरी असतात नाहीतर सैल तरी. लोक मोठ्या दुर्बिणीला जपतात आणि सवयीने फाइंडरला डोळा लावतात. शिवाय त्याचा झोत तुमच्या कानाशी, केसांशी किंवा सदऱ्याच्या खांद्याशी पडत असतो आणि वास आल्यावर कळतं. फाइंडर काढल्यावर नळीला दोन-तीन भोकं उघडी पडतील. त्यांवर काळी चिकटपट्टी लावा, आत ऊन शिरत राहिलं तर चित्र फिकं पडतं.

मग भिंग. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर, कोकणात तर हमखास, भिंगावर बुरशी धरते. टॉर्च तिरपी धरली की झाडाच्या फांद्यांसारखी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग ऊर्ध्वपातित पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून कापसाने, दाब न देता, मधून कडेकडे पुसा. पदराने किंवा शर्टाच्या टोकाने नको. एखाद-दोन ओरखडे राहिले तर राहू द्या, त्यांनी सूर्य बिघडत नाही. धुकट थर मात्र गेला पाहिजे. त्याने उजेड विखुरतो आणि सूर्यावरच्या डागांचा काळेपणा उतरतो.

हे भिंग म्हणजे खरं तर दोन भिंगांची जोडी असते, क्राउन आणि फ्लिंट काचेची. बहुतेक जुन्या दुर्बिणींत दोन्ही बाजूंनी फुगीर असलेलं क्राउन बाहेरच्या अंगाला असतं आणि मधे कडेला पातळ वर्खाचे तीन तुकडे असतात. आतून बुरशी लागल्याशिवाय ही जोडी सोडवू नका. सोडवायचीच झाली तर आधी दोन्ही काचांच्या कडेवर पेन्सिलीने एकच तिरकी रेघ मारा आणि पुढची बाजू कुठली तेही खूण करून ठेवा. मी पहिल्यांदा हे केलं नाही आणि भिंग उलटं बसलं. चंद्र म्हणजे दुधात बुडालेली चकती! दोन संध्याकाळी मी फोकसरला, म्हणजे चित्र धारदार करायला फिरवतो त्या भागाला, शिव्या देत होते.

तिसरी गोष्ट प्लॅस्टिक. सूर्य नीट मधोमध नसेल तेव्हा तो ८ मिमीचा तापलेला ठिपका नळीच्या आतल्या भिंतीवर पडतो. तिथे धातू असेल तर फार तर काळा रंग वास मारेल, प्लॅस्टिक असेल तर वितळेल. नव्वद अंशात वळवणारे डायगोनल बहुधा प्लॅस्टिकचे असतात, प्रक्षेपणासाठी, म्हणजे सूर्य कागदावर पाडून बघण्यासाठी, ते काढूनच ठेवा. फोकसरची आत-बाहेर होणारी नळी स्वतःच्या वजनाने घसरत असेल तर तिचा स्क्रू आवळा. दात असलेल्या पट्टीवरचं जुनं वाळलेलं ग्रीस रॉकेलने धुऊन नवं अगदी थोडं लावलं की ती लोण्यासारखी फिरते.

शेवटी पुढचं झाकण. बऱ्याच जुन्या दुर्बिणींच्या झाकणात मधोमध आणखी एक लहान झाकण असतं. ते काढलं की तीसेक मिलिमीटरचं भोक उरतं. ‘हे सूर्यासाठी आहे’ असं कुणीतरी सांगतंच. ते फिल्टर नाही, नुसतं भोक आहे. त्यातून आलेला उजेडही डोळा जाळायला पुष्कळ. त्याचा खरा उपयोग प्रक्षेपणात आहे : मोठं झाकण लावून लहान काढलं की धग कमी होते आणि आयपीस वाचतो. तुमची दुर्बीण ८० किंवा १०० मिमीची असेल तर प्रक्षेपणासाठी पुठ्ठ्यात ५०-६० मिमीचं गोल भोक पाडून ती अशीच आवळून घ्या. १०० मिमीचं भिंग उघडं ठेवलं तर आयपीसमध्ये जवळजवळ ८ वॅट ओतले जातात.

कागदावर उतरलेला सूर्य

नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. खर्च शून्य, एकाच वेळी दहा जणांना दिसतं आणि कुणाचाही डोळा दुर्बिणीला लागत नाही. गॅलिलिओने १६१२ साली डागांची चित्रं काढली ती याच पद्धतीने. सूर्याचं चित्र कागदावर पाडायची युक्ती त्याचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेली याची.

आयपीस निवडताना जुनं ते खरंच सोनं. जुन्या पेटीतले ‘एच’ किंवा ‘एचएम’ अक्षर असलेले आयपीस हायगेन्स जातीचे. त्यांत दोन सुट्या काचा असतात, डिंकाने चिकटवलेलं काही नसतं. आजचे प्लॉस्ल किंवा केलनर रात्री त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस, पण त्यांच्या काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि तो चिकटपणा उन्हाने बिघडतो. आत प्लॅस्टिकची कडी असेल तर आणखी वाईट. माझा एक आयपीस असाच गेला. पाच मिनिटं सूर्य कागदावर छान होता, मग त्याची कड एका बाजूने आत वाकायला लागली. मला वाटलं ढग. मग जळक्या बादलीसारखा वास आला. आतली काळी कडी मेणासारखी ओघळली होती. जुने आयपीस २४.५ मिमी जाडीचे असतात, आजचे ३१.७ मिमीचे, त्यामुळे जुने टाकून नवे बसवायचा मोह होतो. जुने टाकू नका, सूर्यासाठी ठेवा.

आता पडदा किती लांब? इथे १०८ हा आकडा लक्षात ठेवायचा. जपमाळेच्या मण्यांमुळे तो आपल्याकडे कुणी विसरत नाही. सूर्य आपल्यापासून त्याच्याच व्यासाच्या सुमारे १०८ पट अंतरावर आहे. म्हणून नाभीय अंतराला १०८ ने भागलं की नाभीवरच्या सूर्याचा व्यास मिळतो. माझ्या ९०० मिमीच्या दुर्बिणीत तो ८.३ मिमी. आयपीसने तो मोठा होतो : आयपीसपासून पडद्याचं अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, त्यातून एक वजा, इतक्या पट. २० मिमीचा आयपीस आणि २६ सेंटिमीटरवर पडदा असेल तर १३ वजा १, म्हणजे १२ पट, सूर्य १० सेंटिमीटरचा. पडदा ३८ सेंटिमीटरवर नेला की १५ सेंटिमीटरचा. पंधरापेक्षा मोठा करू नका, चित्र फिकं पडतं आणि मोठं झाल्याने जास्त काही दिसत नाही.

पडदा म्हणून मुलांचं परीक्षेचं पॅड घ्या, ज्याला वर चाप असतो ते. त्यावर पांढरा जाडसर कागद लावा. खुर्चीच्या पाठीला टेकवून चालतं, पण दुर्बीण हलली की दर वेळी खुर्ची सरकवावी लागते. मी नंतर दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या नळीला पाइपच्या क्लॅम्पने आवळून पॅड त्यांनाच बसवलं. दुसरी गरज सावलीची. एक फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यात नळीच्या मापाचं भोक कापा आणि नळीच्या पुढच्या भागात कॉलरसारखं अडकवा. त्याची सावली कागदावर पडते आणि त्या सावलीत सूर्य उठून दिसतो. ही कॉलर नसेल तर पहिल्या दिवशी ‘काहीच दिसत नाही’ म्हणून लोक दुर्बीण पुन्हा पेटीत घालतात.

नेम धरायला नळीवरून सूर्याकडे बघायचं नाही. पाठ सूर्याकडे करा आणि जमिनीवर नळीची सावली बघा. नळी तिरकी असेल तर सावली लांबोडकी असते. नळी हलवत ती आखडत आणा. सावली गोल आणि लहानात लहान झाली की दुर्बीण सूर्याकडे आहे, आणि कागदावर एकदम एक झगझगीत गोळा सरकत येतो. तो मधोमध घ्या, फोकसर फिरवत कड धारदार करा. कड नीट झाली की डाग आपोआप नीट होतात. कागदावरचा काळा ठिपका डाग आहे की आयपीसवरची धूळ, हे ओळखायला आयपीस बोटाने किंचित फिरवा. ठिपका फिरला तर धूळ. दुर्बीण हलकेच हलवल्यावर सूर्याबरोबर सरकला तर डाग.

सूर्य स्वतःच्या व्यासाइतकं अंतर आकाशात दोन मिनिटांपेक्षा थोड्या जास्त वेळात कापतो. म्हणजे दुर्बीण तशीच ठेवली तर तेवढ्यात तो कागदावरून निघून जातो. सतत हलकं ढकलत राहावं लागतं. निघून गेलेला सूर्य नळीच्या भिंतीवर पडत असतो, म्हणून गप्पा मारायच्या तर पुढचं झाकण लावून मारा. पाच-सहा मिनिटं बघितलं की दोन मिनिटं झाकण, हा ताल आयपीसला मानवतो.

आणि दुर्बिणीजवळून हलायचं नाही. फोन आला तरी, कुकरची शिट्टी झाली तरी. एकदा कागदावर सात-आठ डाग उतरले होते, सोसायटीतली मुलं गोल करून बसली होती. मागून शेजारचे नाना आले आणि ‘‘बघू बघू’’ म्हणत सरळ आयपीसकडे वाकले. दुर्बिणीला डोळा लावतात एवढंच त्यांना ठाऊक, त्यात त्यांची काय चूक? माझा हात मधे गेला आणि तळव्याला चटका बसला. तेव्हापासून मी आयपीस आणि पडद्यामधली जागा बुटांच्या खोक्याने बंद करते. खोक्याची एक बाजू कापलेली, तिच्यातून पडदा दिसतो पण डोकं घालता येत नाही. मुलं असतील तिथे खोक्याशिवाय सुरुवातच करू नका.

डोळा लावायचाच असेल तर

कागदावर डागांची ठेवण दिसते, पण बारकावा डोळ्यालाच दिसतो. त्यासाठी पुढच्या टोकाला, भिंगाच्या आधी बसणारी सौर फिल्म हवी. बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर फिल्म हौशी निरीक्षकांत सर्वांत जास्त वापरली जाते. तिचे दोन प्रकार मिळतात. ५.० घनतेची फिल्म एक लाखातला एक भाग उजेड आत सोडते, डोळ्यासाठी तीच. ३.८ घनतेची फक्त कॅमेऱ्यासाठी. ती जवळजवळ सोळापट उजेड जास्त सोडते आणि दिसायला दोन्ही सारख्याच चंदेरी असतात. पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पाकीट फेकून सुटी फिल्म विकणाऱ्याकडून घेऊच नका.

नळीच्या पुढे दवापासून वाचवणारी जी टोपी असते, तिच्याभोवती जाड पुठ्ठ्याची पट्टी दोन-तीन वेढे गुंडाळून फेव्हिकॉलने चिकटवा. घट्ट पण सरकेल इतपत कडं तयार होतं. मग पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, मधे भिंगाएवढं भोक, आणि दुहेरी चिकटपट्टीने फिल्म त्यांच्यामध्ये बसवा. फिल्म ताणायची नाही. पापडासारखी थोडी लाटेदार राहिली तर चित्र उत्तम येतं, ढोलासारखी ताणली तर बिघडतं. हे न पटून नवे लोक फिल्म ओढून ओढून सपाट करतात. चकती कड्यावर चिकटवली की फिल्टर तयार. दुर्बिणीवर बसवल्यावर बाजूने तीन ठिकाणी कागदी चिकटपट्टी लावा. डिसेंबरातही गच्चीवर अचानक वारा सुटतो, आणि डोळा लावलेला असताना फिल्टर उडणं परवडणारं नाही.

दर वेळी, म्हणजे अगदी दर वेळी, बसवण्याआधी फिल्म एखाद्या प्रखर एलईडी दिव्यासमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढं जरी भोक चमकलं, कुठे घडी पडून थर निघाला असेल, तर ती फिल्म बाद. नवा तुकडा कापा. आधी फिल्टर, मग सावलीने नेम, मग आयपीस, मग डोळा, हा क्रम मोडायचा नाही.

ग्रहणाचे चष्मे घालून दुर्बिणीतून बघणं, वेल्डिंगची काच आयपीसवर धरणं, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी कागद, यांतलं काहीही दुर्बिणीजवळ आणू नका. ग्रहणाचा चांगला चष्मा नुसत्या डोळ्यासाठी असतो. दुर्बिणीतून २००० पट झालेला झोत त्याला भोक पाडतो.

हर्शेल वेज नावाचं एक उपकरणही असतं. त्यातली पाचरीसारखी काच पाचेक टक्के उजेड परावर्तित करते, बाकीचा बाहेर टाकते आणि उरलेला पुढच्या फिल्टरने कमी होतो. भिंगाच्या दुर्बिणीवर त्याच्यासारखं चित्र दुसऱ्या कशात येत नाही, अशी जाणकारांची वाखाणणी असते. पण तिथे सगळा उजेड आधी दुर्बिणीत शिरतो. वर्षभर फिल्म वापरून हात बसल्यावर त्याचं बघा. हायड्रोजन-अल्फा, म्हणजे हायड्रोजनच्या एकाच लाल छटेत सूर्य दाखवणारी उपकरणं, हा तर वेगळाच संसार आहे आणि त्याची किंमत वाचून मी दर वर्षी पान उलटते.

कधी आणि काय

वेळ सकाळची, आठ ते दहा. सूर्य थोडा वर आलेला असतो आणि गच्चीचा स्लॅब अजून तापलेला नसतो. अकरानंतर स्लॅबवरून उठणाऱ्या हवेने सूर्याची कड उकळत्या भातासारखी थरथरते. अंगणात हिरवळ असेल तर गच्चीपेक्षा ती बरी. मे महिन्यात दुपारी तर विचारू नका. पुण्या-मुंबईत शून्य सावलीच्या दिवसाच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, लांब नळीचं बूड तिपाईच्या पायांना आपटतं, आणि सावली पाहून नेम धरायला सावलीच नीट मिळत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. पावसाळ्यात भिंग काढून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवा. तुमच्या डोक्यावर टोपी असू द्या, मान मागून भाजते ते रात्री कळतं.

कागदावर पहिली लक्षात येते ती कडेची फिकट झाक. सूर्य मधे उजळ, कडेला मंद. मग डाग. मोठ्या डागाचा गाभा काळा असतो आणि भोवती करड्या रंगाची किनार. गाभा काळा दिसतो तो तुलनेमुळे. त्याचं तापमान ४००० केल्विनच्या आसपास असतं, भोवतालच्या पृष्ठभागाचं सुमारे ५८००. कडेजवळ डागांच्या आसपास कधी फिकट पांढरे पुंजके दिसतात, त्यांना फॅक्युली म्हणतात. १५ सेंटिमीटरच्या सूर्यावर आपली पृथ्वी १.४ मिलिमीटरची, म्हणजे मोहरीएवढी होईल. कागदाच्या कोपऱ्यात एक मोहरी चिकटवून ठेवा आणि मुलांना डागाशी तुलना करायला सांगा. माझ्याकडे कायमची चिकटवलेली आहे.

१५ सेंटिमीटरचं वर्तुळ आधीच काढून ठेवा, सूर्य त्यात बसवा आणि डाग पेन्सिलीने भरा. दिशा ठरवायला दुर्बीण स्थिर सोडा. सूर्य ज्या बाजूला सरकेल, ज्या कडेने तो आधी बाहेर पडेल, ती पश्चिम. मग नळी ध्रुवताऱ्याच्या दिशेला किंचित ढकला, जी कड आधी बाहेर पडेल ती दक्षिण. कागदावर तारीख, वेळ आणि हवा कशी होती ते लिहा. लागोपाठ चार दिवस चित्र काढलं की डाग सरकताना दिसतात. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरी सुमारे २७ दिवसांची, त्यामुळे एका कडेला उगवलेला डाग दोन आठवड्यांच्या आतबाहेर दुसऱ्या कडेला मावळतो.

डाग मोजायची रीत रुडॉल्फ वोल्फने १८४८ मध्ये घालून दिली आणि ती अजून चालते. डागांचे गट मोजा, त्यांना दहाने गुणा, त्यात सुट्या डागांची एकूण संख्या मिळवा. तीन गटांत मिळून ११ डाग असतील तर ४१. एकटाच एक डाग असेल तर तो एक गटही झाला, म्हणून ११. हा आकडा अकरा वर्षांच्या आसपासच्या चक्रात चढतो-उतरतो. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये शिखरावर पोहोचलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात ३६६४ क्रमांकाचा डागांचा पट्टा इतका पसरला होता की ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्याच्याच उद्रेकांमुळे १० मेच्या रात्री लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला.

जुन्या भिंगाला कमी लेखणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कोडाईकनालच्या सौर वेधशाळेतली १५ सेंटिमीटरची दुर्बीण १८५० च्या सुमाराची पॅरिसची बनावट. मद्रासहून आलेल्या या दुर्बिणीला १८९८ मध्ये ग्रब कंपनीने सूर्याची छायाचित्रं घेण्यासाठी नवं रूप दिलं. त्या वेधशाळेकडे पांढऱ्या उजेडातल्या सूर्याची छायाचित्रं १९०४ पासूनची आहेत. आणि त्याच १८९८ च्या २२ जानेवारीला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला खग्रास ग्रहणासाठी गेले होते. पुण्यातली त्यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिथली उपकरणं कोडाईकनालला गेली. आज पुण्यात कुणाला सोबतीने शिकायचं असेल तर १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. दुसऱ्याच्या हाताखाली एकदा नेम धरायला शिकलात की निम्मी भीती जाते.

आवरताना उलटा क्रम. आधी डोळा बाजूला, मग नळी सूर्यापासून दूर वळवा, मग फिल्टर काढून डब्यात ठेवा आणि पुढचं झाकण लावा. झाकणाविना दुर्बीण गच्चीवर सोडून खाली जाऊ नका. सूर्य फिरत फिरत नळीसमोर कधी येईल याचा भरवसा नाही.

आणि दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास ग्रहण आहे, पण ऐन पावसाळ्यात, तेव्हा ढगांशी बोलणी करावी लागतील. दुसरी तारीख १३ नोव्हेंबर २०३२. त्या दिवशी दुपारी बारानंतर साडेचारच्या सुमारापर्यंत बुध सूर्यबिंबावरून जाईल. हवा बहुधा स्वच्छ असेल. १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात तो पाऊण मिलिमीटरचा, टोकदार पेन्सिल टेकवल्याएवढा ठिपका असेल, किनार नसलेला आणि कुठल्याही डागापेक्षा काळा. ६० मिमीच्या भिंगाला तो दिसतो.